खांबेटे सरांची स्थगिती

माझे होणारे सासरे शिडीवर चढून आमच्या दारावर पाटी ठोकत होते आणि खाली शिडी मी धरली होती.

"उदय, डावी बाजू खाली गेलीय का रे?"

"नाही सर, सरळ आहे."

"नीट बघ. पाटी वाकडी असली की लोक मजकूर मनावर घेत नाहीत."

मी नीट बघितलं. पाटी सरळच होती आणि मजकूर कुणीही मनावर घ्यावा असा होता. सदर इमारत पंच्याहत्तर वर्षांहून जुनी असल्याने कुरणगाव नगरपालिकेच्या वारसा उपविधीनुसार तिचे पाडकाम सहा महिन्यांसाठी स्थगित करण्यात येत आहे, इमारतीच्या ऐतिहासिक महत्त्वाबद्दल कुणास काही माहिती असल्यास समितीस कळवावे. खाली सही होती, श्री. वा. खांबेटे, अध्यक्ष, वारसा समिती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या पायरीवर तोंड कडू करून बसले होते. "मास्तर, खिळा जरा बेतानं," ते म्हणाले. "भिंत खाली आली तर आमचं काम होईल, पण तुमचा नियम मोडेल."

"येत नाही खाली," सर वरून म्हणाले. "चुन्यातलं काम आहे. अजून शंभर वर्षं हलायचं नाही."

आपल्या घराबद्दल इतकं चांगलं ऐकून कुणाचा चेहरा एवढा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

ही गोष्ट पंचवीसएक वर्षांपूर्वीची. आमचं घर म्हणजे खाली सोडावॉटरचा कारखाना आणि वर आम्ही. आजोबांनी ही इमारत उभी केली तेव्हा अख्ख्या तालुक्यात गोटी सोडा फक्त आमच्याकडे बनायचा. खाली बिडाचे जाड खांब, मधोमध भलं मोठं चाक असलेलं यंत्र, भिंतीला लागून बाटल्यांच्या लाकडी पेट्या. वरच्या मजल्यावर ऐसपैस खोल्या, हवा मोकळी, उजेड भरपूर. पण रंगीत थंड पेयांच्या बाटल्या गावोगाव पोचल्या आणि आमचं चाक उन्हाळ्यापुरतं आणि लग्नसराईपुरतं फिरायला लागलं. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली होती, त्यामुळे घर चालायचं. अप्पा मात्र रोज सकाळी यंत्राला हात लावून यायचे.

आणि ही इमारत पाडायची कशासाठी, तर खांबेटे सरांच्याच मुलीसाठी.

मृणाल टेलिफोन एक्सचेंजमध्ये तक्रारीच्या खिडकीवर बसायची. आमचा फोन सारखा बंद पडायचा. पुढे पुढे तो चालू असला तरी मी तक्रार द्यायला जायला लागलो. "लाइन चेक केली, दोष सापडला नाही," ती एक दिवस म्हणाली. "आता दोष तुझ्यातच असणार. घरी सांगायचं का?" घरी तिनंच आधी सांगितलं. मला एवढं धाडस कुठलं, सरांनी मला शाळेत भूगोल शिकवला होता आणि वाऱ्यांच्या दिशा चुकल्या म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं.

सर घर बघायला आले ते उत्तरपत्रिका तपासायला घेतल्यासारखे. वरच्या खोल्या पाहिल्या, मान डोलावली. आईच्या हातचे पोहे खाल्ले, पुन्हा मान डोलावली. मग घसा साफ करून म्हणाले, "आणि ती... सोय?"

अप्पा त्यांना मोठ्या उत्साहानं मागच्या अंगणात घेऊन गेले. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला होता. जिना उतरायचा, यंत्राला वळसा घालायचा, बाटल्या धुण्याच्या हौदाच्या कडेनं जायचं आणि मग पत्र्याचं दार. दाराची कडी गेल्यापासून आतून दोरी बांधायची पद्धत होती. दिवस पावसाचे होते. सर परत आले तेव्हा त्यांची पँट घोट्यापर्यंत चिखलानं भरली होती.

"मुलगा पसंत आहे," ते म्हणाले. "घर नाही. नवं घर होऊ द्या, त्यात लग्न करू. माझी मुलगी छत्री घेऊन तिकडं जाणार नाही."

बोलणं अप्पांना लागलं, पण पटलंही. त्यांनी त्याच आठवड्यात पवळे बिल्डरला गाठलं. खाली दुकानं, वर फ्लॅट, आम्हाला त्यातले दोन, प्रत्येकाला आतच सगळी सोय. सर खूश झाले, साखरपुडा झाला, मृणालच्या बोटात अंगठी आली. आता फक्त जुनी इमारत पाडायची होती.

तेवढ्यात नगरपालिकेला इतिहासाचं प्रेम आलं. झालं होतं असं, की आदल्या वर्षी पालिकेनं बाजारपेठेतला जुना घड्याळाचा मनोरा सुट्टीचा दिवस बघून पाडला. मनोरा कुणाला फारसा आवडायचा नाही, घड्याळही कधी बरोबर चालायचं नाही, पण पाडल्यावर सगळ्यांना तो आवडायला लागला. जिल्ह्याच्या पेपरात पालिकेची भरपूर थट्टा झाली. मग मुख्याधिकाऱ्यांनी कुठल्याशा मोठ्या शहराचा नियम मागवून जसाच्या तसा मंजूर करून घेतला. जुनी इमारत पाडायला बंदी नाही, पण आधी सहा महिने थांबायचं. त्या काळात कुणी इमारतीचं महत्त्व सांगितलं तर विचार करायचा. आणि मुदत संपताना एखादी नवी ऐतिहासिक बाब पुढं आली तर चौकशीसाठी आणखी तीन महिने. अशा बाबी किती वेळा पुढं येऊ शकतात, यावर नियमात काही मर्यादा नव्हती. मूळ शहरात असेलही. आमच्याकडे नक्कल करताना ते पान राहून गेलं असं पुढं बोललं जायचं.

समितीचं अध्यक्षपद इतिहासाच्या सरांना द्यायचं होतं. पण ते निवृत्त होऊन मुलाकडं नाशिकला गेले होते. वेळापत्रकात इतिहासानंतर भूगोल यायचा, म्हणून खांबेटे सर.

"एका अर्थी बरंच झालं," अप्पा तेव्हा म्हणाले होते. "आपला व्याहीच अध्यक्ष. सहा महिने काय, बघता बघता जातील."

गेले खरे बघता बघता. सुनावणीला आम्ही बापलेक ठेवणीतले कपडे घालून पालिकेच्या सभागृहात गेलो. मुख्याधिकारी मधल्या खुर्चीत होते, समितीचे इतर सभासद चहाची वाट बघत होते. सर उभे राहिले.

"सदर इमारतीच्या मालकांशी माझे लवकरच कौटुंबिक संबंध जुळणार आहेत," ते म्हणाले. "तरीही कर्तव्य म्हणून एक नवी बाब समितीपुढं ठेवणं मला भाग आहे. कारखान्यातल्या बिडाच्या खांबांच्या तळाशी परदेशी ओतशाळेचा शिक्का आढळला आहे. हे खांब जहाजातून आले असावेत. कुठल्या मार्गानं आले, हा भूगोलाच्या दृष्टीनंही महत्त्वाचा प्रश्न आहे."

तीन महिने.

"शिक्का?" अप्पा बाहेर आल्यावर म्हणाले. "अरे, मी त्या खांबांवर चाळीस वर्षं पाठ घासतोय. मला कधी दिसला नाही."

पुढच्या सुनावणीला सरांनी म्हाताऱ्या रंगनाथ पानवाल्याला आणलं. त्यानं सांगितलं, की आपल्या लहानपणी एक फार मोठे पुढारी बाजारच्या पटांगणात भाषणाला आले, त्यांचा घसा बसला, तेव्हा आमच्या कारखान्यातला आल्याचा सोडा पाजून त्यांचा आवाज मोकळा केला. पुढारी कोण, ते त्याला आठवत नव्हतं. भाषण कशाबद्दल होतं तेही नाही. सोड्याची चव मात्र अजून जिभेवर होती. सर म्हणाले, हे पुढारी कोण हे शोधणं अगत्याचं आहे.

तीन महिने.

त्याच्या पुढच्या वेळी हौद निघाला. एक क्रांतिकारक म्हणे बाटल्या धुण्याच्या हौदात दिवसभर नाकापर्यंत पाण्यात बसून होता आणि पोलीस शेजारी उभे राहून सोडा पीत होते.

अप्पांना राहवलं नाही. ते उठले. "मास्तर, तो हौद मी तिसरीत असताना बांधलाय. पाणी मारायला मीच होतो."

सरांनी चष्मा वर सरकवला. "त्या जागी आधी काहीतरी असेलच की," ते म्हणाले.

मुख्याधिकाऱ्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि तीन महिने दिले.

मी एक्सचेंजच्या खिडकीशी गेलो की मृणाल वर न बघता विचारायची, "किती?"

"तीन महिने."

"आता काय सापडलं?"

"क्रांतिकारक. हौदात."

ती हसायची. मीही हसायचो. पण दोघांचं हसू दर वेळी थोडं थोडं आखूड होत चाललं होतं. साखरपुड्याला वर्ष उलटलं होतं. आईच्या बहिणी आडून आडून विचारायला लागल्या होत्या, की मुलीकडचे टाळतायत का. मला मृणालशी लग्न करायचं होतं, एवढी साधी गोष्ट, आणि तिच्या वाटेत बिडाचे खांब उभे होते.

"तू बोल ना त्यांच्याशी," मी म्हणायचो.

"बोलले. म्हणतात, कर्तव्य आहे. आणि खरं सांगू, रिटायर झाल्यापासून बाबा इतके हुशारीत कधी नव्हते. सकाळी उठून पट्टी, टेप, टोपी. मला बरं वाटतं बघून."

सर खरोखर रोज यायचे. दुपारचं ऊन उतरलं की टेप घेऊन हजर. दारं मोजायचे, कमानी मोजायचे, रविवारी मी सापडलो तर टेपचं दुसरं टोक माझ्या हातात द्यायचे. मग आईकडून पोहे किंवा उपीट, वर अप्पांच्या हातचा आल्याचा सोडा. पहिले काही दिवस अप्पा सोड्याची बाटली त्यांच्यापुढं आदळायचे. "व्याही म्हणून आलात का पुरातत्त्व खातं म्हणून, तेवढं सांगा," ते म्हणायचे. सर शांतपणे गोटी दाबायचे, ढेकर द्यायचे आणि परत मोजायला लागायचे.

पण रोज कुणी येऊन तुमच्या घराचं कौतुक करायला लागलं, तर माणूस किती दिवस टिकणार? मी एक दिवस घरी आलो तर अप्पा खांबाला तेलाचं फडकं मारत होते. दुसऱ्या दिवशी चाकाला रंग. मग त्यांनी शाळेच्या मुलांची सहल आत बोलावली आणि त्यांना तो हौद दाखवला. "इथं नाकापर्यंत पाण्यात," ते सांगत होते, आणि नाकाला बोट लावून दाखवत होते. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. हौद बांधताना पाणी मारणारा मुलगा त्या हकिकतीत कुठंच नव्हता.

शेवटी पवळे बिल्डरचा माणूस मापं घ्यायला आला तेव्हा अप्पा त्याला म्हणाले, "खांबांना हात लावू नका. घामानं डाग पडतात." पवळेंनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि स्टॅंडजवळचा दुसरा प्लॉट घेतला.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आमची इमारत पाडावी असं वाटणारा कुरणगावात आता मी एकटाच उरलो आहे. इमारत पडत नाही तोवर नवं घर नाही आणि नवं घर नाही तोवर लग्न नाही, ही सरांची अट मात्र जागच्या जागी होती.

मी धीर केला आणि सरांच्या घरी गेलो. मृणालची दुपारपाळी होती, ती संध्याकाळी उशिरा सुटायची. दार लोटलेलंच होतं. सर स्वयंपाकघरात होते. ओट्यावर परात, परातीत कणीक, कणकेत मनगटापर्यंत रुतलेले सर. चष्म्याच्या काचेवरही पीठ होतं.

"ये, उदय. बस. नाही, तिथं नको, तिथं पाणी सांडलंय."

"सर, मी जरा बोलायला आलो होतो."

"बोल. पण आधी एक सांग. तुमच्याकडं कणीक भिजवताना आधी पाणी घेतात की आधी पीठ?"

"आधी पीठ असणार, सर."

"मीही तेच केलं. मग पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, मग पीठ जास्त झालं म्हणून पाणी." त्यांनी परातीकडं बघितलं. त्या गोळ्यात चार घरांच्या पोळ्या झाल्या असत्या. "आणि कुकर लावला की झाकणातून पाणी का येतं?"

"ते मला नाही सांगता येणार."

"बरं. तुमच्या घरी संध्याकाळी काय असतं? म्हणजे जेवायच्या आधी. काय करता तुम्ही सगळे?"

"विशेष काही नाही. अप्पा खाली असतात, आई निवडत-टिपत बसते. बोलतो काहीबाही."

"बोलता," सर म्हणाले. "चांगलं आहे."

मी माझं म्हणणं मांडलं. पवळे गेल्याचं सांगितलं, आईच्या बहिणींबद्दल सांगितलं, आणखी किती बाबी निघणार आहेत असं सरळ विचारलं. ते ऐकत होते आणि बोटांना चिकटलेली कणीक सोडवत होते. शेवटी म्हणाले, "घाई कसली आहे तुला? आपण काही विरोध करत नाही. फक्त थोडा वेळ मागतोय." मग मला त्यांनी खिचडी वाढली. ती इतकी खारट होती की मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि छान आहे म्हणालो.

मी काय पाहिलं ते मला कळलं नव्हतं, हे खरं. दुसऱ्या दिवशी खिडकीशी मी ते मृणालला गंमत म्हणूनच सांगितलं. तुझे बाबा कणकेत कसे अडकले होते, चष्म्यावर पीठ कसं होतं. ती हसेल असं मला वाटलं होतं.

ती हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं.

"आई गेल्यापासून बाबांनी गॅससुद्धा पेटवलेला नाही," ती म्हणाली. "मी पाचवीत होते तेव्हापासून मीच करते. मी पाळीवर असले की डबा झाकून ठेवते. मला म्हणतात, जेवलो, छान होतं. कणीक कधी भिजवायला लागले?"

"मला काय माहीत?"

"मी घरात नसताना शिकतायत." ती खिडकीच्या काचेकडं बघत राहिली. मागं दोन माणसं फोनच्या तक्रारी घेऊन उभी होती, त्यांच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. "उदय, त्यांना तुमचा कारखाना वाचवायचा नाहीये रे."

"मग काय वाचवायचंय?"

"मला," ती म्हणाली. "मी जाणार, त्याला त्यांना नाही म्हणता येत नाही. मग जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवतायत. शिकून होईपर्यंत."

मागच्या माणसानं विचारलं, "ताई, लाइन कधी येणार?" तिनं डोळे पुसले आणि त्याचा नंबर लिहून घेतला. मग मला म्हणाली, "सुनावणी कधी आहे? मी येते."

त्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. आमच्या इमारतीच्या सुनावणीला लोक आता करमणूक म्हणून यायला लागले होते. सर उभे राहिले. त्यांच्याकडच्या बाबी संपत आल्या असाव्यात, कारण ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते.

"नवी बाब," ते म्हणाले, "मागच्या अंगणातल्या शौचकूपाबद्दल आहे. राहत्या जागेपासून इतक्या अंतरावर तो बांधण्यात त्या काळचा आरोग्यविषयक विचार दिसतो. असे नमुने आता दुर्मीळ होत चालले आहेत. मी त्याचा नकाशा काढून आणला आहे."

मुख्याधिकाऱ्यांनी नकाशा हातात घेतला आणि बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला.

मागच्या रांगेत मृणाल उठली. "मला माहिती द्यायची आहे," ती म्हणाली. "नागरिक म्हणून."

"मृणाल, खाली बस," सर म्हणाले.

"बोलू द्या त्यांना," मुख्याधिकारी म्हणाले. नकाशातून सुटका झाल्यामुळे ते खूश दिसत होते.

"या इमारतीची स्थगिती कधीच उठवू नये, अशी माझी विनंती आहे," मृणाल म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून मी तिथं राहायला जाणार आहे. लग्न करून."

सरांनी चष्मा काढला. "लग्न नव्या घरात करायचं ठरलंय."

"नवं घर तुम्ही होऊ देत नाही बाबा. मग मी जुन्यात जाते."

"असं कसं जाशील? तिथं संडास अंगणात आहे."

"हो, दुर्मीळ आहे. तुम्ही आत्ताच सांगितलंत."

सभागृहात जो हशा उठला, त्यात समितीचे चहाची वाट बघणारे सभासदही जागे झाले. सरांचा चेहरा लाल झाला. ते मुख्याधिकाऱ्यांकडं वळले.

"ही बाब मी मागं घेतो. त्यात काही दुर्मीळ नाही. पत्र्याचं दार आहे. कडी नाही, दोरी बांधतात. पावसात तिथपर्यंत जाताना माणूस घसरून पडेल."

"आणि हौद?" मृणालनं विचारलं.

"हौद अप्पासाहेब तिसरीत असताना बांधलाय. सगळ्यांना माहीत आहे."

"पुढारी?"

"रंगनाथला काही आठवत नाही. त्याला काल काय जेवला ते आठवत नाही."

पहिल्या रांगेतून रंगनाथ पानवाला म्हणाला, "पिठलं," पण सर थांबायला तयार नव्हते. "अध्यक्ष या नात्यानं माझं मत आहे, की सदर इमारतीला काही ऐतिहासिक महत्त्व नाही. ती लवकरात लवकर पाडावी आणि तिथं राहण्यालायक घर बांधावं. त्या खांबांवरचा शिक्कासुद्धा नीट वाचता येत नाही. तो कदाचित गंज असेल."

हे ऐकताच अप्पा ताडकन उठले. "मास्तर, मला काय बोलायचं ते बोला. खांबांना बोलायचं काम नाही."

"अप्पासाहेब, तुम्हीच पाडायचा अर्ज केला होता."

"केला होता. तो मागं घेतो. ही वास्तू पाडायला माझी हरकत आहे."

मालक पाडू देत नाही आणि वारसा समितीचा अध्यक्ष पाडाच म्हणून अडून बसला आहे, असा पेच नियमात कुठं लिहिलेला नव्हता. मुख्याधिकारी नियमाची पानं मागंपुढं चाळत राहिले. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. आणखी तीन महिने दिले आणि चहा मागवला.

बाहेर पालिकेच्या पायऱ्यांवर सर एकटेच बसले होते. मृणाल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी आणि अप्पा मागं दारातच थांबलो.

"मी कुठं लांब चाललेय बाबा?" ती म्हणाली. "मधे दोन गल्ल्या आहेत."

"दोन गल्ल्या असल्या तरी घर दुसरं," सर म्हणाले. ते समोरच्या सायकलींकडं बघत होते. "तू गेल्यावर संध्याकाळी काय करायचं, ते मला ठरवता येत नव्हतं गं. म्हटलं, थोडा वेळ मिळाला तर जमेल. पण मला कणीकसुद्धा जमत नाही."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार? मुलीला जाऊ नको म्हणून सांगतात का?"

मृणालनं त्यांच्या दंडाला कपाळ टेकलं. अप्पांनी माझ्या हाताला धरून मला आत ओढलं आणि सभागृहातला उरलेला चहा पाजला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर धाडधाड आवाज सुरू झाला. आई ओरडत खाली आली, मी आणि अप्पा वर धावलो. मागच्या खोलीत धुळीचा लोट उठला होता. एक गवंडी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. त्याचा घण सरांच्या हातात होता आणि ते सगळ्या ताकदीनिशी मागच्या भिंतीवर घालत होते. आईनं त्यांना आत कसं घेतलं म्हणाल, तर नेहमीसारखे मापं घ्यायलाच आले असतील असं तिला वाटलं होतं.

"मास्तर," अप्पा किंचाळले, "चुन्यातली भिंत आहे ती. स्थगिती चालू आहे. पाडकाम करता येत नाही."

"मला माहीत आहे," सर धापा टाकत म्हणाले. "नियम मीच वाचून दाखवत असतो. समितीकडं तक्रार करा."

"पण करताय काय तुम्ही?"

"इथून पाइप खाली जाईल. हा कोपरा मोजून बघितलाय, बसतं व्यवस्थित. दार आतून उघडेल. कडीचं." त्यांनी पुन्हा घण उचलला. शंभर वर्षं हलणार नाही म्हणून त्यांनीच सांगितलेली ती भिंत खरंच हलत नव्हती. त्यांच्या अंगावर चुना, भुवया पांढऱ्याफटक. गवंडी म्हणाला, द्या इकडं, पण ते देईनात. अप्पांनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा सरांकडं. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "तिथं नका मारू. सांध्यात मारा. सांध्यात सुटते ती."

मी जाऊन मृणालला घेऊन आलो. तोवर भिंतीला डोकं जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून मागच्या गल्लीतला उजेड खोलीत आला होता. दोघे व्याही ढिगाऱ्यावर बसून आल्याचा सोडा पीत होते. मृणाल दारात उभी राहिली. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

सर तिला बघून उठले. "पाण्याची लाइन वर यायला वेळ लागेल," ते म्हणाले. "मी प्लंबरशी बोललो. पंधरा-वीस दिवस म्हणतोय. तेवढ्यात तारीख काढू नका."

"बाबा," मृणाल म्हणाली.

"तेवढंच म्हणतोय. तेवढं थांबा." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, चुना आणखीच पसरला. "त्यानंतरची जी पहिली निघेल, ती धरा."

आणि ते गवंड्याला घण कसा धरायचा ते दाखवायला लागले.